कावळा, फांदी आणि नियती : योगायोग खरंच असतो का?

प्रश्न : महाराज, आम्ही मूळचे विट्याकडचे. गलाईच्या धंद्यामुळे पंचवीस वर्षं पानिपतात आहोत. दोन वर्षांपूर्वी जानेवारीच्या धुक्यात माझा मुलगा मोटारसायकलवरून जाताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला आणि गेला. निघताना मी त्याला चहासाठी पाच मिनिटं थांबवलं होतं. कोणी म्हणतं योगायोग, कोणी म्हणतं त्याचं आयुष्य तेवढंच लिहिलेलं होतं. गावाकडची माणसं म्हणतात, ती भूमीच मराठी माणसाला धार्जिणी नाही, त्यात संक्रांतीचे दिवस. प्रत्येक गोष्टीला कारण असतं असं तुम्ही सांगता. मग या गोष्टीला कारण कोण? मी?

ताई, तुमचा शेवटचा शब्द आधी घेतो. नाही. तुम्ही नाही.

पण मला माहीत आहे, एवढ्यानं भागत नाही. सत्संगात ऐकलेलं 'नाही' रात्री तीन वाजता कामाला येत नाही. तेव्हा पुन्हा तोच चहाचा कप समोर येतो. म्हणून आज थोडं लांबून येऊ. तुम्ही हा प्रश्न काला अंबला बसून विचारलात, तर या जागेकडेच आधी पाहू.

समोर विटांचा तो स्तंभ दिसतो आहे. इथे एक आंब्याचं झाड होतं असं सांगतात. १४ जानेवारी १७६१ ला या माळावर इतकं रक्त सांडलं, की माती काळवंडली, झाडाची पानं काळी पडली, फळ कापलं तर काळसर रस निघायचा. म्हणून हा काला अंब. झाड आता नाही, गोष्ट आहे. वनस्पतिशास्त्राचा माणूस ही गोष्ट मान्य करणार नाही आणि मीही तुम्हाला ती मान्य करा म्हणत नाही. पण ती का तयार झाली ते मला कळतं. इतकी माणसं गेली आणि निसर्गाला काहीच कळलं नाही, दुसऱ्या दिवशी सूर्य तसाच उगवला, आंब्याला तसाच मोहोर आला, हे माणसाला सहन होत नाही. कुठेतरी खूण राहायला हवी असं वाटतं. दुःख खूण शोधतं. आणि सापडली नाही, तर स्वतः तयार करतं.

'ही भूमी धार्जिणी नाही' हीसुद्धा तशीच एक खूण आहे.

भूमीला शाप आहे का?

पानिपतावर तीन मोठी युद्धं झाली : १५२६, १५५६ आणि १७६१. एकाच गावात तीनदा! लोक म्हणतात, इथल्या मातीलाच रक्ताची तहान आहे. पण नकाशा उघडा. उत्तरेला शिवालिकचे डोंगर, नैर्ऋत्येला राजस्थानचं वाळवंट, आणि मधून पंजाबातून दिल्लीकडे येणारी सपाट पट्टी. एका बाजूला यमुना. वायव्येकडून फौज घेऊन येणाऱ्याला दुसरी सोयीची वाट नाही. दिल्लीच्या राजाला त्याला अडवायचं असेल, तर राजधानीपासून दोन-चार मुक्कामांवर, मोकळ्या मैदानात अडवावं लागणार. असं मैदान इथेच आहे. आजही तोच रस्ता आहे, दिल्लीहून अमृतसरकडे जाणारी वाहनं तिथूनच धावतात. याला शाप म्हणत नाहीत, याला वाट म्हणतात.

आणि संक्रांत. मराठीत 'संक्रांत कोसळली' म्हटलं, की पानिपत आठवतं. पण गंमत बघा. त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, शके १६८२, बुधवार. तारीख १४ जानेवारी. आजच्या दिनदर्शिकेत १४ जानेवारीला संक्रांत असते म्हणून आपण गृहीत धरलं, की त्या दिवशीही होती. पण मकरसंक्रांत इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. साठ-सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि ती तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलात, तर संक्रांत दहा तारखेच्या आसपास येते. म्हणजे भाऊसाहेबांची फौज रणात उतरली तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस गेले होते. हा जो भयंकर योगायोग पिढ्यानपिढ्या सांगितला गेला, तो १७६१ मध्ये घडलाच नव्हता. तो नंतर आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात घडला!

मी हे कुणाची थट्टा करायला सांगत नाही. बहुतेक वेळा नियतीचा धागा घटनेत नसतो. घटना होऊन गेल्यावर मागे वळून पाहताना आपण तो ओवतो. म्हणून ताई, तिळगुळाच्या दिवसांना घाबरू नका. त्या दिवसांनी तुमचं काही बिघडवलेलं नाही.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला

आता मूळ प्रश्नावर. कार्यकारणाच्या जगात योगायोगाला जागा आहे का?

आपल्या आज्या या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देऊन मोकळ्या झाल्या आहेत : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. तिथे कावळा ताडावर बसतो आणि ताडफळ पडतं. नीट पाहा, यात विनाकारण काहीच नाही. कावळा उडून दमला होता, म्हणून बसला. फांदी आतून किडली होती, म्हणून तुटली. दोन्हींना आपापलं कारण आहे. पण कावळ्याला फांदीचा इतिहास माहीत नव्हता आणि फांदीला कावळ्याचा प्रवास माहीत नव्हता. दोन स्वतंत्र साखळ्या एका क्षणी एकमेकींना लागल्या. त्या भेटीचा कोणी कर्ता नाही. योगायोग म्हणजे कारण नसणं नव्हे. प्रत्येक साखळीला कारण आहे, फक्त त्यांच्या गाठीमागे कोणाचा हेतू नाही.

माणसाचं मन मात्र हेतूशिवाय राहू शकत नाही. खाली झोपलेल्याच्या डोक्यात फांदी पडली, की तो तीनपैकी काहीतरी एक म्हणतो. कावळ्यानं मुद्दाम केलं. किंवा देवानं मुद्दाम केलं. किंवा मीच इथे झोपायला नको होतं. फांदी किडलेली होती का, हे फार थोडे जण बघतात.

पानिपतात काय झालं ते या नजरेनं बघू.

दुपारपर्यंत मराठ्यांची सरशी होती. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि पलटणींनी समोरच्या रोहिल्यांची दाणादाण उडवली होती. भाऊसाहेबांनी मध्यावर अफगाण फौज रेटत नेली होती. अब्दालीला पळून येणारी आपलीच माणसं मारून-झोडून पुन्हा रणात पाठवावी लागली. मग त्यानं राखीव फौज आत घातली. आणि अशात दुपारी एक गोळी विश्वासरावांना लागली. नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा, वय अठराच्या आसपास. 'विश्वास गेला पानिपतात' ही म्हण तेव्हापासूनची. नाव आणि शब्द असे एकमेकांत मिसळले, की भाषेनंसुद्धा यात नियती पाहिली.

ती गोळी कोणी झाडली हे कोणालाच ठाऊक नाही. बहुधा झाडणाऱ्यालाही कधी कळलं नसेल. हजारो गोळ्यांतली एक. हा कावळा.

भाऊसाहेब हत्तीवर होते. पुतण्या पडलेला दिसला आणि ते हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, थेट शत्रूच्या गर्दीत शिरले. मागच्या फौजेला दिसली ती फक्त रिकामी अंबारी. भाऊ पडले असं समजून धीर सुटला. सकाळपासून जिंकत आलेली लढाई थोड्या वेळात उलटली.

आता इथे थांबा. लोक म्हणतात, नशीब! एका गोळीनं इतिहास फिरवला. मी म्हणतो, फांदी बघा.

सैन्य दोन-अडीच महिने या पानिपतात कोंडलं गेलं होतं. का? कारण ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकल्यावर आपले लोक कुरुक्षेत्राच्या वाटेला लागलेले असताना अब्दालीनं खाली बागपताजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीचा रस्ता तोडला. पावसाळा सरत होता, पाणी उतरत होतं. कुठेतरी उतार सापडणारच होता. तिथे पुरेशी नजर ठेवलेली नव्हती. फौजेबरोबर बायकामुलं होती, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते. खाणारी तोंडं लाखावर आणि लढणारे हात त्याहून पुष्कळ कमी. सुरजमल जाट दिल्लीतूनच परत फिरला होता. शुजाउद्दौला नजीबखानाच्या बोलण्यानं पलीकडे गेला होता. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. त्याच महिन्यात बळवंतराव मेहेंदळे पडले. दाणा संपला, चारा संपला, घोडी उपाशी मरायला लागली. म्हणून शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं ठरवून १४ तारखेच्या पहाटे फौज बाहेर पडली. त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' वाचा. त्यात गोळीपेक्षा या गोष्टींनाच जास्त पानं आहेत, आणि ते बरोबर आहे.

अशा फांदीवर कावळा बसला. कावळ्याचं वजन ते किती!

अजून एक गोष्ट सांगतो, ती मला स्वतःला फार विचार करायला लावते. याच पानिपतावर ५ नोव्हेंबर १५५६ ला हेमू जिंकत असताना त्याच्या डोळ्यात बाण घुसला. तो हौद्यात कोसळला, दिसेनासा झाला आणि फौज पळाली. १६५८ मध्ये आग्र्याजवळ सामूगढला दारा शुकोह ऐन लढाईत हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. रिकामा हौदा दिसला आणि त्याची फौज पळाली. मग १७६१. तीन वेळा तेच. हा योगायोग नव्हे आणि नियतीही नव्हे. ही सवय होती. हजारो माणसांचा धीर एका हत्तीच्या पाठीवर ठेवायचा, आणि तिथला माणूस दिसेनासा झाला तर पुढे काय करायचं हे कोणालाच सांगून ठेवायचं नाही. बाण कोणाला, कधी लागेल हे कोणाच्या हातात नव्हतं. पण बाण लागल्यावर काय होणार, ते आधीच ठरलेलं होतं. माणसांनीच ठरवलेलं होतं. आपण ज्याला नियती म्हणतो, त्यातला मोठा भाग असा आपणच केलेला आणि मग विसरून गेलेला असतो. योगवासिष्ठात वसिष्ठ तरुण रामाला नेमकं हेच समजावतात, की दैव म्हणून वेगळं काही नाही, ते आपलंच आधीचं पौरुष आहे.

पण वसिष्ठांचं ऐकून आपण लगेच दुसऱ्या टोकाला जातो, सगळं माझ्याच हातात! तेही खरं नाही. इथून कुरुक्षेत्र सत्तरेक किलोमीटर. तिथे सांगितलेल्या गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं मोजली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणं, चेष्टा आणि पाचवं दैव. त्या पाचव्याचा अर्थ भाष्यकार निरनिराळा लावतात, तो वाद आज नको. मला क्रम महत्त्वाचा वाटतो. दैवाला यादीत जागा आहे, ते नाकारलेलं नाही. पण ते पाचवं आहे, आणि एकटं नाही. त्याचप्रमाणे 'कर्ता' म्हणजे मी, तोसुद्धा पाचांतला एकच आहे. आणि गीता लगेच पुढे सांगते, की असं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. आपण हे नेहमी अहंकारी माणसाला सुनावतो. यश मिळालं की 'मी केलं' म्हणणाऱ्याला.

ताई, हे तुमच्यासाठीही आहे. 'माझ्यामुळे गेला' असं म्हणणाराही स्वतःला एकटा कर्ता समजत असतो. अपराधाच्या ओझ्याखाली वाकलेला माणूस अहंकारी दिसत नाही, म्हणून ही चूक कोणी दाखवून देत नाही.

प्रारब्ध हा शब्द कोणी कोणासाठी वापरावा

संचित, प्रारब्ध, क्रियमाण हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. प्रारब्ध म्हणजे सुटलेला बाण. तो परत भात्यात येत नाही. क्रियमाण म्हणजे आत्ता हातात असलेला बाण. हा विचार खोल आहे आणि मी तो मानतो. पण त्याचा वापर कसा होतो, याबद्दल मला राग आहे, तो आज बोलून टाकतो.

प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखाबद्दल स्वतःशी बोलताना वापरायचा आहे. जे बदलता येत नाही ते स्वीकारायला त्याची मदत होते. तो दुसऱ्याच्या दुःखावर ठेवायचा दगड नाही. कोणाचं मूल गेलं आणि आपण दारात उभं राहून 'त्याचं प्रारब्ध होतं हो' म्हटलं, की आपण त्या आईला दोन गोष्टी सांगतो. एक, तुझ्या मुलानं काहीतरी केलं असेल. दोन, आता याबद्दल कोणी काही करायचं उरलेलं नाही. पहिलं आपल्याला माहीत असण्याची काही सोय नाही. कर्माची गती गहन आहे असं खुद्द गीताच म्हणते. ज्याला ती गहन वाटत नाही, त्यानं बहुधा ती वाचलेली नाही. आणि दुसरं तर साफ खोटं आहे. त्याबद्दल पुढे बोलतो.

त्या आधी एक माणूस तुमच्यासमोर उभा करायचा आहे. पानिपतच्या कथेत त्याचं नाव शेवटी कुठेतरी येतं. माझ्या लेखी तो पहिला यायला हवा.

रण मोडल्यावर महादजी शिंदे घोड्यावरून दक्षिणेकडे निघाले. वय तिशीच्या आसपास. त्यांच्या मागे एक अफगाण स्वार लागला, तो काही केल्या पाठ सोडेना. शेवटी महादजींचा घोडा खड्ड्यात पडला. त्या स्वारानं त्यांच्या पायावर घाव घातला, अंगावरचे दागिने काढून घेतले आणि मेला असेल म्हणून टाकून गेला. पुढे आयुष्यभर तो पाय लंगडा राहिला. त्या स्वाराचा चेहरा झोपेत दिसतो, असं ते म्हातारपणीही सांगत. मालकमनं ते नोंदवून ठेवलं आहे.

त्या वाटेनं एक पखालवाला चालला होता. राणेखान. पाण्याची पखाल वाहणारा भिस्ती, पळणाऱ्या गर्दीतलाच एक. त्याला खड्ड्यात एक जखमी माणूस दिसला. त्यानं त्याला आपल्या बैलावर घातलं आणि दक्षिणेकडे नेलं.

यात योगायोग आहे का? आहे. राणेखान शंभर पावलं डावीकडून गेला असता, तर त्याला महादजी दिसले नसते. तो त्याच वेळी त्याच वाटेनं गेला, ही कावळ्याची गोष्ट. पण तो थांबला, हा योगायोग नाही. त्या दिवशी त्या वाटेवर जखमी पडलेले शेकडो होते आणि त्यांना पाहून पुढे जाणारे हजारो. त्यांना मी दोष देत नाही, जिवाची भीती कोणाला नसते? पण दिसणं आणि थांबणं यांच्या मध्ये एक जागा आहे. अगदी बारीक जागा. दिसण्यापर्यंतचं सगळं साखळ्यांनी ठरवलं. त्या बारीक जागेत मात्र राणेखान होता.

त्याच दिवशी, त्याच मैदानात भाऊसाहेबांनाही अशी जागा मिळाली होती. पुतण्या पडलेला दिसणं आणि हत्तीवरून उतरणं यांच्या मधली. ते उतरले. मी आजवर अनेकांना त्यांना नावं ठेवताना ऐकलंय. मला ते जमत नाही. ज्यानं तो मुलगा अंगाखांद्यावर खेळवला असेल, त्यानं त्या क्षणी काय करायचं हे खुर्चीत बसून सांगणं सोपं आहे. एवढंच म्हणता येतं, की त्यांचं वागणंही आकाशातून पडलं नव्हतं. ते प्रेमातून आलं होतं, आणि त्याचा परिणाम त्या प्रेमाला ठाऊक नव्हता.

'परिणाम ठाऊक नव्हता' हे शब्द जरा धरून ठेवा, ताई.

राणेखानालाही परिणाम ठाऊक नव्हता. महादजींनी त्याला विसरू दिलं नाही. भाऊ मानलं, मोठ्या हुद्द्यावर नेलं, फौजा त्याच्या हाताखाली दिल्या. दहा वर्षांत, १७७१ मध्ये, मराठे पुन्हा दिल्लीत आले, त्यात तो लंगडा महादजी पुढे होता. आणि १७८८ मध्ये नजीबखानाच्या नातवानं, गुलाम कादरनं, दिल्लीत बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याच्यावर चालून गेलेल्या मराठी फौजेचा सेनापती होता राणेखान. पानिपतात अब्दालीला आणणारा नजीब, आणि सत्तावीस वर्षांनी त्याच्या नातवापुढे पानिपतातून महादजीला उचलून नेणारा भिस्ती!

बघा, तुम्ही सगळे मान डोलावलीत. नियती, असंच मनात आलं ना? माझ्याही आलं. पण आत्ताच संक्रांतीबद्दल काय बोललो ते आठवा. ही गाठही मी मागे वळून मारली. खड्ड्याजवळ थांबलेल्या राणेखानापुढे ना दिल्ली होती, ना सेनापतीपद. समोर रक्त वाहणारा एक पाय होता. महादजी त्याच संध्याकाळी वाटेत गेले असते, तरी राणेखानाचं थांबणं तेवढंच खरं राहिलं असतं. आणि ते कुठल्याही इतिहासात आलं नसतं.

चहाचा कप

आता तुमच्या स्वयंपाकघरात येतो.

तुम्ही म्हणता, पाच मिनिटं आधी निघाला असता तर वाचला असता. खरं आहे. हे मी नाकारत नाही. कोणी प्रेमापोटी तुम्हाला 'तसं काही नाही हो' म्हणेल, तर ते तुम्हाला पटणार नाही, कारण तुम्हाला हिशोब येतो. चहा हा साखळीतला एक दुवा होता.

पण मग सगळे दुवे मोजा, एकाच कपाशी थांबू नका. त्या सकाळी धुकं होतं. पेट्रोल भरायला तो आदल्या दिवशी थांबला होता की त्या दिवशी? वाटेत फाटक लागलं का? कोणाचा फोन आला का? ट्रॉलीवाल्याचं टायर कुठे पंक्चर झालं, आदल्या रात्री कारखान्यावर त्याला किती वेळ रांगेत थांबावं लागलं, म्हणून तो तिथे त्या वेळी उभा राहिला? अशी हजार कारणं त्या एका क्षणाला येऊन मिळाली. त्यातलं एकही नसतं तर तो वाचला असता. मग या हजारांत तुम्ही एकटा चहाच का निवडलात? कारण तेवढाच तुमच्या हातचा होता. आईचं मन कारण शोधत नाही, स्वतःला शोधतं.

आणि आणखी एक. असाच चहा देऊन तुम्ही त्याला आधी किती वेळा थांबवलं असेल? थंडीच्या दिवसांत रोजच. कोण सांगावं, त्यातल्या एखाद्या दिवशी त्या पाच मिनिटांनीच त्याला कशातून तरी वाचवलं असेल. ते तुम्हाला कधीच कळणार नाही. न घडलेल्या अपघाताची बातमी कोणी घरी आणून देत नाही.

म्हणून कारण असणं आणि दोषी असणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. धुकंही कारण होतं, धुक्याला दोष नाही. दोष ठरतो तो कर्त्याच्या जाणिवेवरून. त्याला काय माहीत होतं, त्यानं काय करायला हवं होतं, त्याच्या मनात काय होतं. तुमच्या मनात काय होतं? पोरगं थंडीत बाहेर पडतंय, पोटात काही गरम जाऊ दे. तुमचं कर्म तेवढंच आहे. चहा दिला, हे तुमचं कर्म. जे झालं ते हजार साखळ्यांचं. भाऊसाहेबांच्या प्रेमाला परिणाम ठाऊक नव्हता, तसाच तुमच्याही.

पार्वतीबाई, भाऊसाहेबांच्या पत्नी, त्या मैदानातून कशाबशा पुण्याला परतल्या. नवरा गेला हे त्यांनी कधी मानलं नाही. कुंकू पुसलं नाही. १७८३ मध्ये त्या गेल्या, तोवर बावीस वर्षं वाट पाहिली. कोणी त्यांना वेडं म्हटलं असेल. मी म्हणत नाही. काही दुःखांना उत्तर मिळत नाही आणि ती उत्तराशिवाय जगावी लागतात. पण तुमच्याबाबतीत एक फरक आहे. तुमच्या प्रश्नातला एक तुकडा असा आहे, की त्याचं उत्तर सापडतं. मघाशी पुढे बोलतो म्हटलं ते हेच.

फांदी बघायची.

त्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. लाल चकतीसुद्धा नव्हती. असेल तर सांगा. नव्हती ना? जानेवारीत या भागात पहाटे दहा फुटांवरचं दिसत नाही, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. ऊस कारखान्याकडे जाण्याचे दिवस हेच. दिवे नसलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात, हेही माहीत आहे. ही फांदी किडलेली आहे आणि ती दर हिवाळ्यात तशीच असते. कावळा कुठला बसेल एवढंच अनिश्चित. आपण जेव्हा 'त्याचं तेवढंच लिहिलेलं होतं' म्हणतो, तेव्हा ती फांदी तशीच सोडून घरी जातो. पुढच्या हिवाळ्यात खाली आणखी कोणाचा तरी मुलगा असतो, आणि आपण तिथेही जाऊन तेच वाक्य म्हणून येतो.

*(यावर त्या ताईंनी उभं राहून सांगितलं : माझे दीर आणि गलाईवाल्यांची चार मुलं गेल्या दिवाळीपासून संध्याकाळी कारखान्याच्या रस्त्याला उभी राहतात. ट्रॉलीवाल्यांना थांबवून मागे चमकणारी लाल पट्टी चिकटवून देतात. पैसे घेत नाहीत. मी अजून गेले नाही. मला त्या ट्रॉल्यांकडे बघवत नाही.)*

मग एवढ्यात जाऊ नका. ट्रॉलीकडे बघवत नसेल तर नका बघू. पण ती पोरं थंडीत किती वेळ उभी असतात?

*(ताई म्हणाल्या : सहा ते नऊ.)*

त्यांच्यासाठी चहा कोण नेतं?